अबॅकस, विपश्यना की कुंद्याचे तीन खोके?

बेळगावच्या शहापूरहून भाचीचा फोन आला. "मामा, पोरगं नववीत गेलंय. कन्नड शब्द डोक्यात राहत नाहीत, विज्ञानात नावांचा गोंधळ. गल्लीत अबॅकसचा, मण्यांच्या पाटीवरच्या गणिताचा, क्लास निघालाय, पेपरातनं मेमरी क्लासचं पत्रक आलंय, आणि ह्यांचे मित्र म्हणतात आळत्याला दहा दिवस विपश्यनेला बसून या, मन ताब्यात येतंय. पैसे कशात घालू सांग की." मराठी शाळेत तीस वर्षं खडू झिजवले म्हणून मला विचारलं असणार. खानापूर-निपाणीकडच्या आणखी दोघातिघांनी हेच विचारलंय, म्हणून तिला दिलेलं उत्तर जरा विस्तारानं लिहितो.

एक पत्रक आधीच रद्दीत टाकू. 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चं, म्हणजे पोरांचा 'मधला मेंदू जागा करतो' म्हणणाऱ्यांचं. डोळ्यांवर पट्टी बांधलेलं पोरगं वाचून दाखवतं आणि आईबाप थक्क होतात. पट्टी नाकापाशी नीट बसत नाही, त्या फटीतनं खालचं दिसतं, एवढंच ते गुपित. मंगळूरचे विवेकवादी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी हे प्रकार अनेकदा उघडे पाडलेत. शंका असेल तर दोन्ही डोळ्यांवर कणकेचा गोळा थापा आणि मग पट्टी बांधून वाचायला सांगा. त्याच पत्रकावर 'माणूस मेंदूचा फक्त १० टक्के वापर करतो' असंही छापलेलं असतं. मेंदू वजनानं अंगाच्या जेमतेम २ टक्के, पण बसल्या जागी अंगाची साधारण २० टक्के ऊर्जा तोच खातो. रुपयातले चौदा आणे रिकामा बसणारा गडी एवढं जेवला असता तर घरच्यांनी कधीच हाकलला असता.

बाकीचे पर्याय खरे आहेत. पण ते एकमेकांना पर्यायच नाहीत, कारण प्रत्येकानं वेगळीच गोष्ट वाढते. अमेरिकेत पिट्सबर्गला एका कॉलेजच्या पोराला वीसेक महिने आकडे लक्षात ठेवायचा सराव दिला होता. एकदा ऐकून सात आकडे सांगणारा गडी ७९ आकड्यांपर्यंत गेला. पळण्याच्या शर्यतीतल्या वेळा म्हणून तो आकड्यांचे गट बांधायचा. मग त्याला आकड्यांऐवजी अक्षरं दिली, तर परत सहावर. हे १९८० साली छापून आलं. 'स्मरणशक्ती वाढवतो' म्हणणाऱ्याला म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: कशाची?

अबॅकसचं उत्तर सरळ आहे: आकडेमोडीची. वडोदऱ्याच्या शाळेत २०४ मुलांवर तीन वर्षं प्रयोग झाला, निष्कर्ष २०१६ साली आले. निम्म्यांना मनातल्या मनात मणी हलवून गणित करायला शिकवलं, बाकीच्यांना तेवढाच वेळ नेहमीचं जादा गणित. मण्यांवाली मुलं आकडेमोडीत पुढे गेली. एकूण बुद्धीची आणि तात्पुरत्या स्मृतीची कसोटी घेतली तर फरक नाही. ज्यांना मुळात चित्र डोळ्यांपुढं धरता येत होतं, त्यांनाच फायदा जास्त झाला. मला यात नवल वाटलं नाही. माझे आजोबा निपाणीत तंबाखूच्या वखारीत दिवाणजी. अडीचकी, औटकी (अडीच-साडेतीनचे पाढे) तोंडपाठ, बोदांचा, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्यांचा, हिशोब पेन्सिल न उचलता. आणि चष्मा कुठं ठेवला ते रोज आजीला विचारायचे.

मेमरी क्लासवाले जे विकतात ती युक्ती जुनी आहे आणि चालते. ओळखीच्या वाटेवर एकेक गोष्ट ठेवत जायची. भाचीच्या दारापासून सुरुवात करू. उंबऱ्यावर हायड्रोजनचा बॉम्ब. पुढं गिरणीच्या पत्र्यावर हेलियमचा फुगा. मोबाइलच्या दुकानात लिथियमची बॅटरी. डेअरीच्या कट्ट्यावर तूप कढवून उरलेली बेरी, म्हणजे बेरिलियम. शेजारी बोरांची पाटी, म्हणजे बोरॉन. इस्त्रीवाल्याचा कोळसा, म्हणजे कार्बन. वाट एकदा चालला की सहा मूलद्रव्यं ओळीनं येतात, उलटीसुद्धा. २०१७ च्या एका अभ्यासात साध्या लोकांना ४० दिवस रोज अर्धा तास हे शिकवलं, तर ७२ शब्दांपैकी तीसच्या आत आठवणारे साठच्या वर गेले. पण कार्बनला चार हात, म्हणजे चार बंध, का, हे इस्त्रीवाला सांगत नाही. यादी असेल तिथं ही युक्ती सोन्यासारखी, समजून घ्यायचं असेल तिथं निरुपयोगी. आणि ती शिकायला एक दुपार पुरते, वर्षाची फी कशाला?

आता आळत्याचं. हातकणंगले तालुक्यातलं धम्मालय हे विपश्यना ध्यानाचं केंद्र आपल्याला सगळ्यात सोयीचं, कोल्हापूरपर्यंत गाडी आणि पुढं थोडकं. सत्यनारायण गोयंकाजींच्या पद्धतीचं १० दिवसांचं शिबिर: पहाटे चारला घंटा, मौन, फोन जमा, रोज दहाएक तास बसणं. फी नाही, आधीच्या साधकांच्या दानावर चालतं. खर्च पैशाचा नाही, दिवसांचा. जावयाचा विणकामाचा माग दहा दिवस बंद राहील, त्याचा हिशोब आधी घाला. इथं वाढतं ते भटकणाऱ्या मनाला पकडून आणायचं कसब, पाठांतर नव्हे. मोठ्या माणसाला, रात्री अडीचला फोन चाळणाऱ्याला, मी जा म्हणेन. गंभीर मानसिक आजार असेल तर ते स्वतःच येऊ नका म्हणतात, ते ऐकावं. नववीतल्या पोरासाठी मात्र ध्यानाकडून फार अपेक्षा धरू नये. ब्रिटनमध्ये ८ हजारांवर शाळकरी मुलांवर प्रयोग झाला, त्यातल्या साधारण निम्म्यांना वर्गात सजगतेचे (माइंडफुलनेसचे) धडे दिले. २०२२ ला निकाल आला, नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात काही जास्त दिसलं नाही.

राहिला तो पर्याय ज्याचं पत्रक कुणी काढत नाही. आमच्याकडे दिवेलागणीला परवचा असायची. पाढे सगळेच म्हणून घेतात, पण आजोबा मध्येच थांबवून उलटं विचारायचे: "एकशे एकोणीस कुणाच्या पाढ्यात?" डोक्यात चाचपडत सतरापर्यंत जावं लागायचं. मजा त्या चाचपडण्यातच आहे. २००६ साली अमेरिकेत सेंट लुईसला विद्यार्थ्यांना उतारा दिला. काहींनी दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानं डाव उलटला: दोनदा वाचणारे ४२, आठवून लिहिणारे ५६. आपली पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री तिसऱ्यांदा वाचतात आणि 'सगळं येतंय' म्हणतात. ते येणं पाच मिनिटांचं.

याला साधन लागतं कुंद्याचे, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईचे, तीन रिकामे खोके, जे बेळगावात कुठल्याही घरात माळ्यावर सापडतात. चिठ्ठीच्या एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड: आठवण, नेनपु. विसर, मरेवु. पहिला खोका रोज काढायचा, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं. आलं की चिठ्ठी पुढच्या खोक्यात, अडलं की परत पहिल्यात. ही रीत जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडली, खोके आपले. खर्च शून्य, पण रोज वीस मिनिटं कुणीतरी समोर बसून विचारलं पाहिजे, आणि गोम इथंच आहे. क्लासला घातलं की आईबाप मोकळे होतात. इथं होत नाहीत.

भाचीला मी पोरासाठी खोकेच सांगितले, मूलद्रव्यांसाठी गल्लीची वाट, आणि रात्री दहाला झोप, कारण दिवसभर शिकलेलं मेंदू झोपेत पक्कं करतो. धाकटी दुसरीत आहे, तिला आकड्यांची गोडी आहे. तिला अबॅकसला घाल म्हटलं, पण वर्षाची फी एकदम भरू नको, महिन्याची भर. आळत्याला जायचंच असेल तर जावयानं जावं, मागाला काम कमी असेल तेव्हा.

"आणि विचारायला कोण बसणार?" ती म्हणाली. मी म्हटलं, संध्याकाळी भाकऱ्या थापताना चिठ्ठ्या पोराच्या हातात दे, उत्तर बरोबर की चूक ते त्यालाच बघू दे. तू फक्त "पुढची" म्हण.