स्वस्त फोर-के टीव्ही आणि त्यातला एचडीआर: आधी सेटिंग करा, मग मत बनवा

आई-बाबांसाठी २५ हजारांच्या आतला ४३ इंची फोर-के टीव्ही घेतला. खोक्यावर एचडीआर१० (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणारं चित्र) ठळक छापलेलं होतं, आणि घरी आल्यावर पहिली तक्रारही त्याचीच: एचडीआर सिनेमा लावला की चित्र अंधारून जातं, मालिका मात्र लख्ख दिसते. लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग आणि कलर करणं हा माझा व्यवसाय, म्हणून रिमोट हातात घेऊन बसलेच.

टीव्ही बिघडलेला नाही. एचडीआर१० मध्ये कुठला भाग किती निट (उजेड मोजायचं एकक) उजळ दिसावा हे सिग्नलमध्येच ठरलेलं असतं. बरेच सिनेमे १००० निटपर्यंतच्या पडद्यासाठी तयार होतात, काही ४००० साठी. या किमतीतले टीव्ही साधारण २५० ते ३५० निटपर्यंत पोहोचतात. वरचा सगळा उजेड एवढ्याशा जागेत बसवताना टीव्ही ढग, दिवे सांभाळतो आणि माणसांचे चेहरे खाली ढकलतो. साधं एसडीआर चित्र मात्र १०० निट गृहीत धरून बनतं आणि टीव्ही ते बॅकलाइट वाढवून दुप्पट-तिप्पट उजळ दाखवतो. मालिका लख्ख दिसते ती त्यामुळे.

सेटिंग करायचं ते एचडीआर सिनेमा चालू असतानाच. एचडीआर आणि साध्या चित्राची सेटिंग टीव्ही वेगवेगळी लक्षात ठेवतो. सगळ्यात आधी वीजबचत आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे बदलणारा पर्याय बंद करा. निम्मा अंधार तिथेच जातो. बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, पूर्ण. मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर. ‘व्हिव्हिड’मध्ये हळदीचा पिवळा डोळ्यांत खुपतो आणि गोऱ्या-सावळ्या सगळ्यांचे चेहरे एकाच तांबूस रंगाचे होतात, मला ते अजिबात सहन होत नाही. कलर टेंपरेचर ‘वॉर्म’ ठेवा. पहिल्या दिवशी चित्र पिवळट वाटेल, पण डोळे सरावतात, आणि त्वचा त्वचेसारखी दिसू लागते.

ब्राइटनेसच्या बाबतीत सावध राहा. बॅकलाइटचा पर्याय वेगळा असेल, तर ब्राइटनेस म्हणजे काळ्या रंगाची पातळी. ती वाढवली की काळे केस राखाडी होतात, चेहरा काही उजळत नाही. चेहरे वर आणायला गॅमा (मधल्या छटांचा उजेड) एक पायरी बदला किंवा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, म्हणजे दृश्याप्रमाणे उजेड-अंधार आपोआप बदलणारा पर्याय, ‘लो’वर ठेवा. जाणकार तो बंदच करा म्हणतात. महागड्या पडद्यावर मीही बंदच ठेवीन, पण इथे मला तो हवा आहे. उन्हातल्या पांढऱ्या सदऱ्याच्या चुण्या थोड्या पुसल्या जातात. त्या बदल्यात नवरीचे डोळे दिसतात. सदऱ्यापेक्षा मला डोळे मोलाचे.

शार्पनेस जवळपास शून्यावर आणा, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारा पर्याय) सिनेमासाठी बंद.

एवढं केल्यावर चित्र खरंच चांगलं आहे. पॅनेल व्हीए प्रकारचं असल्यामुळे रात्रीचे प्रसंग गडद राहतात. आयपीएस हा दुसरा प्रकार असता तर दिवे मालवल्यावर काळा रंग धुरकट दिसला असता. लोकल डिमिंग, म्हणजे बॅकलाइट भागाभागाने मंद करण्याची सोय, नाही, त्यामुळे काळ्या पडद्यावरची पांढरी नामावली आली की आजूबाजूचा काळा थोडा उजळतोच. त्यावर सेटिंगमध्ये इलाज नाही. दुपारी खिडकी उघडी असताना एचडीआर बघण्यातही अर्थ नाही.

कंपनीवर माझा राग एकाच गोष्टीचा: वीजबचत कारखान्यातूनच चालू, आणि माहितीपत्रकात त्याबद्दल अक्षर नाही. ज्येष्ठ माणसं ती मेनूत कुठे शोधणार?

बाहेरून स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स लावणार असाल, तर त्या एचडीएमआय पोर्टचं सिग्नल सेटिंग ‘एन्हान्स्ड’ करा, नाहीतर एचडीआर येणारच नाही. फायर टीव्ही स्टिकवर डायनॅमिक रेंज ‘ॲडॅप्टिव्ह’ ठेवा. ‘ऑलवेज एचडीआर’ केलंत तर बातम्या आणि मालिकाही एचडीआरमध्ये ढकलल्या जातात, आणि आईची संध्याकाळची मालिका फिकी पडते.