दारूबंदी: चंद्रपूरने उठवली, गडचिरोलीने ठेवली

1982 पर्यंत हा एकच जिल्हा होता. आता मध्ये वैनगंगा, आणि दोन काठांवर दोन कायदे.

चंद्रपुरात बायकांनी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा काढला, तेव्हा कुठे 2015 मध्ये बंदी आली. 2021 मध्ये सरकारने ती उठवली. कारणं काय, तर अवैध दारू वाढली, तस्करीत बायका-पोरं ओढली गेली, महसूल बुडाला. पहिली दोन खरी मानली, तरी तिसऱ्याचं वजन जास्त पडलं असावं, असं मला वाटतं.

गडचिरोलीत बंदी 1993 पासून आहे. तिथे दारू मिळत नाही असं नाही, मोहाची तर घरोघरी गाळता येते. फरक गावात आहे. 2016 पासून 'मुक्तिपथ' या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानाच्या गावसंघटना, त्यातही बायका, जंगलात दडवलेले ड्रम हुडकून मोहसडवा, म्हणजे दारूसाठी आंबवलेली मोहफुलं, ओतून देतात. पोलीस मागून येतात, कधी येतही नाहीत. चंद्रपुरात सारी भिस्त खाकीवर राहिली.

उघड दुकानातली बाटली निदान तपासलेली असते, हा चंद्रपूरच्या बाजूचा मुद्दा मला खोडता येत नाही. पण ती सकाळी मजुरीच्या वाटेवरच विकायला ठेवलेली असते, त्याचं काय?