मुंबई–लंडन स्वस्त तिकीट: एका कागदावर जोडलेले दोन वेगळे प्रवास

सहारच्या टर्मिनल दोनवर, रात्री दोनच्या सुमाराला, चेक-इन काउंटरपुढे हा प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. सत्तरीकडे झुकलेलं जोडपं लंडनला लेकीकडे निघालेलं असतं. ट्रॉलीवर चार बॅगा, हातात एजंटने दिलेली रंगीत प्रिंट, तिच्यावर मुंबई–इस्तंबूल–लंडन असा सलग प्रवास. काउंटरवरची मुलगी विचारते, "काका, तुर्कीचा व्हिसा?" काका म्हणतात, "आम्हाला तुर्कीत उतरायचंच नाहीये, पुढे लंडनला जायचंय." ती स्क्रीनकडे बघते आणि सांगते, "आमच्याकडे तुमचं तिकीट इस्तंबूलपर्यंतचंच आहे."

तिथून पुढे तिच्या हातात काही उरत नाही. कागदपत्रांचे नियम तिला टिमॅटिक नावाच्या यंत्रणेतून दिसतात. ज्या देशात उतरायचं तिथला व्हिसा नसलेला प्रवासी नेला, तर दंड विमान कंपनीला बसतो आणि त्याला परत आणायची जबाबदारीही तिच्यावरच येते. म्हणून ती बोर्डिंग पास देत नाही. लंडनचा व्हिसा पासपोर्टवर असून उपयोग नसतो, कारण तिच्या दृष्टीने हे दोघं इस्तंबूलला चालले आहेत.

एजंटने काय केलेलं असतं? एका कंपनीचं मुंबई–इस्तंबूल आणि दुसऱ्या कंपनीचं इस्तंबूल–लंडन अशी दोन सुटी तिकिटं काढून एका प्रिंटवर एकाखाली एक छापलेली असतात. दोन्ही कंपन्यांना एकमेकींचा पत्ता नसतो. प्रवाशाला मात्र "कनेक्टिंग फ्लाइट आहे, मधे तीन तास आहेत, बॅगा थेट लंडनला" असं सांगून पैसे घेतलेले असतात. स्वतः जोखीम समजून दोन तिकिटं काढणं यात गैर काही नाही, अनुभवी लोक तसं करतातच. पण ते लपवून विकणं ही फसवणूक आहे, आणि तिला बहुतेक वेळा बळी पडतात ते पहिल्यांदाच परदेशी निघालेले आई-वडील.

इस्तंबूलचं उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण तिथे सगळे खड्डे एकाच ठिकाणी सापडतात. मुंबईहून येणारं विमान युरोपीय बाजूच्या मोठ्या विमानतळावर उतरतं, त्याचा कोड आयएसटी. युरोपातल्या शहरांना जाणारी बरीच स्वस्त विमानं आशियाई बाजूच्या सबिहा ग्योक्चेन विमानतळावरून सुटतात, त्याचा कोड एसएडब्ल्यू. प्रिंटवर दोन्हीकडे नुसतं 'इस्तंबूल' लिहिलेलं असतं. मधे बॉस्फरस ओलांडायची, अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर, आणि वाहतूक तुंबली की दोन तास सहज जातात. त्याआधी इमिग्रेशनची रांग, पट्ट्यावरून बॅगा घेणं, कस्टम्स. त्यानंतर दुसऱ्या विमानतळावर नव्याने चेक-इन, पुन्हा इमिग्रेशन, पुन्हा सुरक्षा तपासणी. आंतरराष्ट्रीय विमानाचा चेक-इन काउंटर साधारणपणे सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो. म्हणजे कागदावरचे तीन तास प्रत्यक्षात दोनच असतात. ते जमणारं नाही. विमानतळ एकच असला तरी सुट्या तिकिटांमध्ये पाच-सहा तासांखाली अंतर ठेवू नये, आणि विमानतळ बदलत असेल तर मधे एक रात्र ठेवावी.

व्हिसाचा पेच आणखी बारीक आहे. ब्रिटन, शेंगेन किंवा अमेरिकेचा वैध व्हिसा असलेल्या भारतीयांना काही अटींवर तुर्कीचा ई-व्हिसा मिळतो. एजंट याच्याच जोरावर "तिथे काही प्रॉब्लेम नाही" असं सांगतात. पण हा ई-व्हिसा एकाच प्रवेशाचा असतो. आई-बाबा लेकीकडे तीन महिने राहून परत निघाले की येताना पुन्हा तुर्कीत शिरावं लागतं, म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा फी. ज्याच्या आधारावर ई-व्हिसा मिळतो तो ब्रिटिश व्हिसाही त्या दिवशी वैध असायला हवा. परतीची तारीख व्हिसाच्या अगदी शेवटच्या दिवसांत धरली असेल तर गाडी इथेच अडते. आधाराचा व्हिसा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात चालतो का, हेही तुर्की सरकारच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर स्वतः वाचावं. एजंटच्या तोंडी शब्दावर हे सोडू नये.

असाच घोळ लंडनमार्गे अमेरिकेला जाताना हीथ्रोला उतरून गॅटविकवरून उडण्यात होतो, आणि बँकॉकमार्गे जाताना सुवर्णभूमी–डॉन म्यूआंग बदलण्यात. आता आपल्याकडेही तेच आहे. गोव्यात दाबोळी आणि मोपा हे दोन विमानतळ आहेत, कोड जीओआय आणि जीओएक्स. मुंबईत डिसेंबर २०२५ पासून सहारच्या जोडीला नवी मुंबई सुरू झालं, कोड बीओएम आणि एनएमआय. नागपूरहून येणारं विमान नवी मुंबईला आणि पुढचं सहारहून असेल, तर मधे अख्खी मुंबई आहे. शहराचं नाव वाचू नका, तीन अक्षरी कोड वाचा.

आता पैशांचा हिशेब. आकडे नमुन्यापुरते आहेत, पण रचना खरी आहे. समजा, एकाच तिकिटावरचा जाऊन-येऊन प्रवास माणशी ६२,००० रुपये आणि जोडलेला प्रवास ४८,०००. वाचले १४,०००. पहिल्या कंपनीच्या भाड्यात ३० किलोची बॅग धरलेली आहे, दुसरीच्या भाड्यात फक्त हातातली पिशवी. दोन कंपन्यांच्या मर्यादा वेगळ्या असल्या की लहान मर्यादा हीच तुमची खरी मर्यादा. दुसऱ्या टप्प्यावर २० किलो विकत घ्यायचे, एका बाजूचे ४,५०० धरले तर दोन्ही बाजूंचे ९,०००. दोन ई-व्हिसा आणि दोन वेळची बस किंवा टॅक्सी मिळून ६,०००. वाचवलेले १४,००० इथेच संपले, वर हजार रुपये खिशातून गेले. परकीय चलनात पैसे भरले तर कार्डाचा मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, वेगळा. आणि उरलेले दहा किलो, म्हणजे भाजणी, मसाले, लाडवांचे डबे, यांचे पैसे काउंटरवर किलोच्या दराने द्यावे लागतात. तो दर ऑनलाइन आगाऊ दरापेक्षा बराच चढा असतो. स्वस्त कंपन्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग बॅगा, आसनं आणि विमानतळावरच्या चेक-इनची फी यांतूनच येतो, त्यामुळे तिथे कुणी सूट देईल ही आशा धरू नका.

पैसे भरण्याआधी हे ओळखायचं कसं? शोधाच्या पानावर 'सेल्फ ट्रान्स्फर', 'सेपरेट तिकिट्स', 'बॅगेज री-चेक' यांपैकी काही बारीक अक्षरांत दिसलं, तर ती सुटी तिकिटं आहेत. नुसत्या दोन वेगळ्या कंपन्या दिसल्या म्हणून घाबरायचं कारण नाही. करार असलेल्या कंपन्या एकाच तिकिटावर प्रवास देतात आणि तो सुरक्षित असतो. खरी खूण तिकीट क्रमांकात आहे. ई-तिकिटाचा क्रमांक १३ आकडी असतो आणि पहिले तीन आकडे कंपनीचे: एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, लुफ्तान्सा २२०, कतार १५७. एका क्रमांकावर चार टप्पे मावतात, त्याहून जास्त असतील तर लगतचा पुढचा क्रमांक जोडला जातो. मुंबईपासून लंडनपर्यंत सगळे टप्पे एकाच क्रमांकाखाली असतील, तर पहिलं विमान उशिरा आल्याने पुढचं चुकलं तरी पोचवायची जबाबदारी कंपनीची. दोन टप्प्यांना दोन वेगळे क्रमांक असतील, किंवा दुसऱ्याला नुसता सहा अक्षरी पीएनआर असेल, तर ती जबाबदारी तुमची.

एजंटला फोन करून विचारू नका, व्हॉट्सॲपवर लिहून विचारा: "सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे का? मुंबईत टाकलेली बॅग थेट लंडनला मिळेल का? मधे व्हिसा लागेल का?" तिन्हीची उत्तरं लेखी घ्या. टाळाटाळ झाली तर तिकीट घेऊ नका. 'कनेक्शन गॅरंटी' नावाने काही संकेतस्थळं जास्तीचे पैसे घेतात. त्यात बहुधा दुसरं विमान किंवा न वापरलेल्या टप्प्याचे पैसे मिळतात, तेही ठरलेल्या वेळेत कळवलं तर. व्हिसा नाही म्हणून मुंबईतच अडवलं गेलं, तर ती गॅरंटी सहसा लागू होत नाही.

पीएनआर मिळाला म्हणजे तिकीट निघालं, हा समजही महागात पडतो. जागा नुसती धरून ठेवली तरी पीएनआर तयार होतो आणि कंपनीच्या संकेतस्थळावर नावासकट दिसतो. ठरलेल्या मुदतीत तिकीट काढलं नाही की तो आपोआप रद्द होतो. पैसे घेऊन नुसता धरलेला पीएनआर हातात देणारे लोक आहेत. नियमित कंपनी असेल तर १३ आकडी क्रमांक मागा. स्वस्त कंपनीकडे असा क्रमांक नसू शकतो, तेव्हा तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर बुकिंग उघडून पैसे पूर्ण भरल्याची नोंद पाहा. एजंटने पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. तिकीट काढल्यावर तर पाहाच, शिवाय पंधरा दिवसांनी आणि निघण्याच्या तीन दिवस आधीही पाहा.

तेव्हाच संपर्काचा मोबाइल आणि ईमेल कुणाचा आहे, तेही तपासा. बरेच एजंट तिथे स्वतःचा नंबर टाकतात. मग वेळ बदलली, विमान रद्द झालं, हे सगळं त्यांच्याकडे जातं. कंपनीने दिलेला परतावाही ज्या खात्यातून पैसे आले त्याच खात्यात, म्हणजे एजंटच्या खात्यात जातो. "कंपनीने अजून दिले नाहीत" हे उत्तर सहा-सहा महिने ऐकवलं जातं. परताव्याची तारीख आणि रक्कम कंपनीला थेट ईमेलने विचारली की खरं काय ते कळतं.

मुंबईत आणखी एक जुना प्रकार आहे, मरीन फेअर. हे भाडं जहाजावर काम करणाऱ्यांसाठी असतं. त्यात जास्त सामान आणि सोपे बदल मिळतात, म्हणून काही एजंट ते साध्या प्रवाशाला विकतात. काउंटरवर सीडीसी, म्हणजे खलाशाचं अधिकृत नोंदपुस्तक, मागितलं की प्रवासी अडतो. विद्यार्थी भाड्यात कॉलेजचं ओळखपत्र मागतात, तिथेही तेच. दुसऱ्याच्या माइल्सवर (विमान कंपनीकडे साठलेल्या पॉइंट्सवर) किंवा चोरीच्या कार्डावर काढलेली तिकिटं याहून वाईट, कारण ती जाताना चालतात आणि परतीच्या आधी कंपनी रद्द करते. भाडं इतरांपेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी असेल, तर ते कोणत्या प्रकारचं आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

कंपनीच बंद पडली तर? लांब पल्ल्याच्या स्वस्त सेवांमध्ये हे पुन्हा पुन्हा झालं आहे. प्रायमेरा एअर ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद पडली. आइसलँडची वॉव एअर डिसेंबर २०१८ मध्ये दिल्लीला आली, महिन्या-दीड महिन्यात ती सेवा थांबली आणि २८ मार्च २०१९ ला कंपनीच संपली. नॉर्वेजियनने जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ला सोडला. विझ एअरने अबू धाबीचा तळ सप्टेंबर २०२५ पासून बंद केला. आपल्याकडे जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीकडे आगाऊ पैसे भरलेला प्रवासी वसुलीच्या रांगेत फार मागे उभा असतो. म्हणून अशा तिकिटाचे पैसे क्रेडिट कार्डाने भरा. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे भरलेले पैसे उलटवून परत, मागता येतो. रोखीने दिलेल्या पैशांना तो मार्ग नाही.

परतीच्या प्रवासात सुट्या तिकिटांचा आणखी एक तोटा आहे. लंडनहून सुटणाऱ्या विमानाला, कारण कंपनीच्या हातातलं असेल तर, तीन तासांवरच्या उशिरासाठी ब्रिटिश नियमांनुसार भरपाई मिळते. एका तिकिटावर लंडन–मुंबई असेल तर अंतर ३,५०० किलोमीटरच्या वर जातं आणि चार तासांवरच्या उशिराला ५२० पौंड मिळतात. तिकिटं सुटी असतील तर हिशेब लंडन–इस्तंबूलपुरताच, ३५० पौंड. आणि त्या टप्प्याला उशीर दोनच तास झाला, पण पुढचं मुंबईचं विमान चुकलं, तर काहीच नाही.

काउंटरवर अडवलं गेलंच तर आधी भांडू नका, कारण लेखी मागा. नाकारण्याचं कारण, वेळ आणि फ्लाइट क्रमांक. दिलं नाही तर तिथूनच कंपनीला ईमेल करा, म्हणजे वेळेची नोंद राहते. इमिग्रेशनचा शिक्का आधीच बसला असेल तर तो रद्द करून घ्या. मग लगेच, दुसरं विमान सुटायच्या आत, दुसरं तिकीट आणि परतीची तिकिटं हातात घ्या. रद्द करण्याजोगं जे असेल ते विमान सुटण्याआधीच करावं लागतं, नंतर 'नो-शो', म्हणजे प्रवासी आलाच नाही, असं धरतात. पहिला टप्पा वापरला नाही म्हणून अनेक कंपन्या त्याच तिकिटावरचा परतीचा टप्पाही रद्द करतात, ते त्याच वेळी विचारा. भाडं 'नॉन-रिफंडेबल' असलं तरी भारतातल्या नियमांनुसार सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत मिळायला हवीत. ती मागितल्याशिवाय सहसा कुणी देत नाही.

कंपनीचा कस्टमर केअर नंबर गुगलवर शोधू नका. तिथे बनावट नंबर पेरलेले असतात, आणि "रिफंड करतो, हे ॲप टाका" म्हणत स्क्रीन ताब्यात घेऊन खातं रिकामं करतात. नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. असा प्रकार झाला, किंवा तिकीटच बनावट निघालं, तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच हाती लागतात, त्यामुळे इथे दिवस नाही, तास मोजायचे. सेवेची तक्रार असेल तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं एअरसेवा हे तक्रार पोर्टल आणि ग्राहक हेल्पलाइन १९१५.

एजंट मुंबईचा असला तरी तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ती सोय दिली आहे, आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सोबत जोडायचं ते एवढं: पैसे दिल्याचा पुरावा, एजंटची प्रिंट, दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवरचे वेगवेगळे पीएनआर दाखवणारे स्क्रीनशॉट, काउंटरवरचं लेखी कारण, आणि ज्यात "बॅगा थेट लंडनला" असं लिहिलंय तो व्हॉट्सॲपचा संवाद, तारीख-वेळेसकट.