इमॅजिका, खोपोली: पुढचा पैसा उंचीवर घालावा की छपराखाली?

इमॅजिका या मनोरंजन उद्यानातील ‘नायट्रो’मध्ये बसले की भीती आधी पायांना कळते. छातीवर आलेले कवच कर्मचारी एकदा दाबून आणि एकदा ओढून पाहतो, त्यानंतर इतका वेळ ज्यावर पाय टेकले होते ती फलाटाची जमीन खाली सरकते, समोरचे फाटक उघडते आणि ओळीतील चारही जणांचे पाय अधांतरी लोंबू लागतात. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड मॅबिलार्ड या कंपनीने घडवलेला हा रोलर कोस्टर सुमारे 40 मीटर उंचीवरून झेपावतो आणि वाटेत पाच वेळा प्रवाशांचे डोके खाली व पाय वर करतो. यंत्र म्हणून तो आजही उत्तम आहे. त्याची वळणे अशी बेतलेली आहेत की मानेला हिसका बसत नाही, आणि पन्नाशी उलटलेल्या माझ्यासारख्या माणसालाही उतरल्या उतरल्या पुन्हा रांगेत उभे राहावेसे वाटते.

श्रावणातल्या एका मधल्या वारी आम्ही पाच जण खोपोलीला गेलो होतो: मी, ताई, तिचा कॉलेजात जाणारा मुलगा, त्याचा मित्र आणि आमची आठ वर्षांची भाची. परतताना वडापावसाठी गाडी थांबवली तेव्हा भाच्याने आणि त्याच्या मित्राने जो वाद काढला तो पुण्यात घरी पोहोचेपर्यंत संपला नाही. या उद्यानाने पुढचा मोठा पैसा कशात घालावा, हा तो वाद. दोघेही कोस्टरचे निस्सीम भक्त आहेत. कोणत्या देशात कोणत्या कंपनीचा कोणता कोस्टर उभा राहतो आहे, हे त्यांना क्रिकेटच्या धावसंख्येसारखे पाठ असते. नवा उंच कोस्टर, हे त्यांचे उत्तर ठरलेले होते आणि माझे उत्तर त्याच दिवशी बदलले, म्हणून हे परीक्षण त्या वादाच्या अंगाने लिहितो आहे.

आधी या उद्यानाची आर्थिक कुंडली थोडी मांडायला हवी. वडाळ्यात 2001 मध्ये घुमटाकार आयमॅक्स चित्रपटगृह उभारणारे ॲडलॅब्जचे मनमोहन शेट्टी यांनी खोपोली–पाली रस्त्यावर सुमारे 300 एकर जमीन घेऊन 2013 च्या एप्रिलमध्ये हे उद्यान सुरू केले. त्यानंतर 2014 मध्ये शेजारी जलउद्यान आले, 2015 मध्ये हॉटेल आले आणि त्याच वर्षी कंपनीचे समभाग बाजारात आले, तर 2016 मध्ये कृत्रिम बर्फाचे दालन उघडले. चार वर्षांत चार मोठे खर्च, एकूण आकडा सुमारे 1,600 कोटी रुपयांच्या घरात, आणि त्यातला मोठा वाटा कर्जाचा. वस्तू व सेवा कर आला तेव्हा अशा उद्यानांच्या तिकिटांवर तो 28 टक्के होता. जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्क्यांवर आला, पण तोवर व्याजाने कंबरडे मोडत आणले होते. मार्च 2020 च्या टाळेबंदीने उरलेले काम केले. अखेर 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाने कंपनीची मालकी घेतली. गाय छाप जर्द्याची पुडी ज्या घराण्याने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यात पोहोचवली त्याच घराण्याच्या हाती राज्यातले सर्वांत खर्चीक मनोरंजन उद्यान यावे, ही मला आपल्या उद्योगजगतातली मोठी गमतीची गोष्ट वाटते.

मालपाणी या धंद्यात नवखे नव्हते. लोणावळ्याचे आणि शिर्डीचे ‘वेट एन जॉय’ ही दोन्ही जलउद्याने त्यांचीच, आणि शिर्डीतील ‘साई तीर्थ’ हे भक्तिविषयक उद्यानही त्यांचेच. 2024 मध्ये ही तिन्ही ठिकाणे इमॅजिकाच्या कंपनीत आणली गेली. त्याखेरीज इंदूर आणि अहमदाबादकडे कंपनीने पावले वळवली. विस्तार होतो आहे याबद्दल शंका नाही, पण तो आडवा आहे. भाच्याचा राग नेमका यावरच होता. “मामा, कंपनी वाढतेय, पण खोपोली वाढतंय का?” असे त्याने विचारले, आणि प्रश्न अगदीच पोरकट नव्हता. उद्यानाला पुन्हा पुन्हा येणाऱ्या माणसाच्या दृष्टीने नायट्रो 2013 चा आहे, अंधारात धावणारा ‘डीप स्पेस’ त्याच काळातला आहे, आणि तेव्हा ज्यांनी हट्ट करून आई-वडिलांना इथे आणले ती मुले आता नोकरीला लागली आहेत.

त्याचा दुसरा दाखला वंडरला या दुसऱ्या उद्यान-कंपनीचा होता. कोची, बंगळूर, हैदराबाद आणि भुवनेश्वरनंतर वंडरलाने 500 कोटींहून अधिक खर्च करून चेन्नईजवळ उद्यान उभारले, ते 2025 च्या डिसेंबरात सुरू झाले, आणि त्यासाठी त्यांनी याच स्विस कंपनीकडून रुळांखाली लटकणारा कोस्टर आणला. इमॅजिकाकडे जे अनोखेपण होते ते त्यामुळे संपले, असे भाच्याच्या मित्राचे म्हणणे. त्याने एक गोष्ट मात्र सोयीस्करपणे गाळली: वंडरला आपल्या अनेक राइड स्वतःच्या कारखान्यात बनवते आणि म्हणून तिला एखादे महागडे परदेशी यंत्र परवडते. जे उद्यान प्रत्येक मोठे यंत्र परकीय चलन मोजून आणते त्याचे गणित वेगळे असते, आणि कर्जाने पोळलेल्या उद्यानाने ताकही फुंकून प्यावे यात नवल नाही.

नव्या राइडच्या मोहाचा मलाही एक अनुभव आहे. काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच राज्यातील एका उद्यानात केवळ एका नव्या कोस्टरची जाहिरात पाहून आम्ही रात्रभर प्रवास करून गेलो. तो दुरुस्तीसाठी बंद होता, आणि बाकीच्या उद्यानात रंग उडालेले फलक, बंद पाणपोया आणि उन्हात तापलेली बाकडी यांखेरीज पाहण्यासारखे फारसे काही नव्हते. एका यंत्रावर सगळी पुंजी लावली की ते यंत्र थांबले त्या दिवशी पाहुण्याच्या हातात काहीच उरत नाही. त्या दिवसापासून मी कोणत्याही उद्यानात गेलो की मुख्य आकर्षणाइतकेच बाकीच्या जागेकडेही पाहतो.

खोपोलीत ही बाकीची जागा फार बारकाईने रचलेली आहे. ‘राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर’ घ्या. पाण्यातून डायनोसॉरांच्या प्रदेशात नेऊन शेवटी उतारावरून खाली सोडणारी होडी जगभरातल्या उद्यानांत सापडते, पण इथे नायकाचे पद ज्या प्राण्याला दिले आहे तो खराखुरा भारतीय आहे. राजासॉरसचे अवशेष गुजरातेत राहिओली येथे सापडले आणि 2003 मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण झाले, त्यात ‘नर्मदेन्सिस’ हे नर्मदेवरून आले आहे. भाचीला मी हे रांगेत सांगितले तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता की तो मराठी बोलायचा की गुजराती. ‘अलीबाबा’च्या गुहेत हातात बंदूक घेऊन चोर टिपत जाण्याची राइड तिला इतकी आवडली की आम्ही तीन फेऱ्या मारल्या. ‘मिस्टर इंडिया’ तिला कळली नाही. मूळ चित्रपट 1987 चा, तिच्या आईच्या बालपणीचा. परिचित कथेवर उभारलेल्या राइडचे हे वय लक्षात घेण्यासारखे आहे: कोस्टरची रंगरंगोटी पुन्हा करता येते, पण ज्या पिढीला गोष्ट ठाऊक नाही तिला ती रांगेत उभे राहून शिकवता येत नाही.

आणि मग ‘आय फॉर इंडिया’. भल्यामोठ्या पडद्यासमोर खुर्च्यांची ओळ उचलली जाते, पाय मोकळे लोंबतात आणि आपण देशावरून उडत असल्याचा भास होतो. हे चित्र पाहत असताना बाहेर पावसाची एक दणकट सर येऊन गेली, ते आम्हाला बाहेर पडल्यावर ओल्या फरशीवरून कळले.

माझे मत बदलले ते त्या ओल्या फरशीपाशी. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे; तिथे पाऊस पडतो म्हणजे कोसळतो, आणि तो जूनपासून सप्टेंबरपर्यंत उसंत घेत नाही. वीज चमकू लागली, सरीचा जोर वाढला की उघड्यावरची उंच यंत्रे थांबवावी लागतात आणि ती थांबवलीच पाहिजेत. एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे नेमक्या सुट्ट्यांत, उन्हाचा तडाखा असा असतो की लोक जलउद्यानाकडे वळतात. म्हणजे उंच कोस्टर मनसोक्त चालवण्याजोगे महिने वर्षात किती उरतात, हे भाच्याने बोटांवर मोजून पाहावे. त्याउलट छपराखालची राइड बाराही महिने चालते, आणि तिथे उंचीची अट, पाठीचे दुखणे, रक्तदाब यांमुळे गळणारी माणसेही कमी असतात.

मी पिशव्यांचाही हिशेब मांडतो. आपल्याकडे उद्यानात माणसे एकेकटी येत नाहीत, कुटुंबाच्या कुटुंबे येतात, आणि प्रत्येक कुटुंबात एक बाई अशी असते जी कोस्टरच्या बाहेर बाकावर बसून चार जणांचे मोबाइल, चष्मे, चपला आणि खाऊच्या पिशव्या सांभाळते. तिकीट तिचेही पूर्ण असते. आमच्याकडे ती ताई. नायट्रोच्या वेळी ती बसून राहिली, ‘डीप स्पेस’च्या वेळी बसून राहिली, आणि गाडीतल्या वादात तिचे मत कोणी विचारले नाही. नवी गुंतवणूक तोलताना मला ही एकच फूटपट्टी पुरेशी वाटते: ती राइड आल्याने बाकावरची किती माणसे उठून आत येतील?

शिर्डीत याच समूहाने हे करून दाखवले आहे. ‘साई तीर्थ’मधील तीर्थयात्रेची राइड आणि लंकादहनाचा खेळ, दोन्ही बंद दालनात आहेत, दोन्हींची गोष्ट आजीला आणि नातवाला सारखीच ठाऊक आहे. तोच विचार, देवदर्शनाचा भाग वगळून आणि नायट्रोला शोभेल अशा तांत्रिक दर्जाने, खोपोलीत का आणू नये? गड-किल्ल्यांच्या या मुलखात, सुधागड आणि सरसगड जवळ असताना, रात्रीच्या अंधारात कडा चढण्याची एक बंदिस्त राइड मला तरी सहज दिसते. भाच्याला हे कितपत पटले ते सांगता येत नाही. त्याने एवढेच म्हटले की कड्यावरून शेवटी खाली तरी पाडा. ते मान्य.

आहे त्या स्वरूपात उद्यानाला जायचे असेल तर माझी शिफारस हिवाळ्याची, आणि शक्यतो मधल्या वारी. कोस्टरप्रेमींनी सकाळी दार उघडताच नायट्रो गाठावा आणि दुपार अलीबाबा, राजासॉरस यांना द्यावी. लहान मुले आणि वडीलधारे बरोबर असतील तर पूर्ण दिवस हवा. जलउद्यान त्याच दिवशी उरकण्याचा अट्टहास करू नये. नायट्रोत दोनदा बसलेल्या माणसाला पुढच्याच वर्षी परत येण्याचे कारण आज फारसे नाही, हे मात्र मी भाच्याच्या बाजूने नोंदवतो.

‘आय फॉर इंडिया’च्या दारात मी ताईला आत चल म्हणालो तेव्हा ती सवयीने बाक शोधत होती. सामान ठेवून सगळ्यांनाच आत जायचे आहे हे समजल्यावर तिने आमच्याकडे संशयाने पाहिले आणि विचारले, “मग पिशव्या कोण धरणार?”