एस.वाय.च्या वर्गासाठी काय घ्यावं: कलचाचणी की मुलाखत?

एस.वाय. बी.कॉम.ला शंभरेक मुलं आणि करिअर मार्गदर्शनाला मिळालेले मोजके तास. त्यात मुलांकडून कलचाचणी भरून घ्यावी, की त्यांना काम करणाऱ्या माणसांच्या मुलाखती घ्यायला धाडावं?

कलचाचणी सोपी पडते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर यातल्या बऱ्याच चाचण्या बेतलेल्या आहेत. माणसांचे सहा कल मानायचे आणि तुमचे वरचे दोन-तीन काढायचे. अमेरिकेच्या कामगार खात्याची ६० प्रश्नांची चाचणी मोफत आहे, तासाभरात उरकते. पण तिच्यात ‘स्वयंपाकघरातली कपाटं बनवायला आवडेल का?’ असे प्रश्न येतात. आपल्याकडचा मुलगा यावर काय खूण करेल, हे आवडीपेक्षा घरात सुतारकामाकडे कसं पाहतात यावर ठरतं. वापरायचीच तर प्रश्न मराठीत, आपल्या गावातल्या कामांचे करून घ्या.

मुलाखतीत कष्ट आहेत, पण हाती खूप लागतं. कर सल्लागाराकडे गेलेल्या मुलीला कळतं की दर महिन्याच्या ११ तारखेपर्यंत जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र आणि २० तारखेपर्यंत कर भरायचा असतो, म्हणून त्या दिवसांत ऑफिसात कुणाला मान वर करायला फुरसत नसते. पतसंस्थेच्या वसुली अधिकाऱ्याचा दिवस टेबलापेक्षा गाडीवर जास्त जातो. असलं काही चाचणीच्या निकालात येत नाही. पगार मात्र थेट विचारू नये. ‘नव्याने लागणाऱ्याला साधारण किती मिळतात?’ म्हटलं की लोक मोकळे बोलतात.

अडचण ओळखींची आहे. ज्याचा मामा सीए त्याचं काम एका फोनवर होतं. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेला मुलगा शेजारच्या दुकानदाराला गाठून मोकळा होतो. त्यामुळे माजी विद्यार्थ्यांची यादी शिक्षकांनीच करायची आणि मुलांना जोडीने पाठवायचं. एवढी तयारी होणार नसेल तर हा उपक्रम घेऊच नये.

(पाहुण्यांच्या व्याख्यानाचं विचाराल, तर शाल-श्रीफळ, परिचय आणि आभार यातच तास संपतो.)

एकच तास असेल तर चाचणी. तीन आठवडे असतील तर मुलाखत, बिनदिक्कत. दोन्ही जमत असेल तर मुलाखत आधी ठेवा, म्हणजे चाचणीतली कामं मुलांना नुसती नावं वाटणार नाहीत. भाऊबीज उलटल्यावर मुलाखती उरकून दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीला वर्गात पाच-पाच मिनिटं सांगायला लावा. मार्चमध्ये मात्र कर सल्लागार आणि बँकवाल्यांच्या वाटेला जाऊ नका.