पॉलिहाऊससाठी ईसी आणि पीएचचे पेन: कुठला घ्यावा, कुठल्यावर किती विश्वास ठेवावा

मावळातला गुलाबाचा बेड असो की उरुळी कांचनकडची ट्रे भरणारी नर्सरी, पाण्याच्या टाकीजवळ हे दोन पेन हमखास दिसतात. एक ईसीचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, आणि एक पीएचचा, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते मोजणारा. प्लास्टिकची बॉडी, छोटा पडदा, आत बटण सेल. दिसायला सख्खे भाऊ, पण गुणाला अगदी वेगळे. ईसीचा पेन बिनधास्त घ्यावा. पीएचचा पेन मात्र यंत्र समजून घेऊ नये, नाशवंत माल समजून घ्यावा.

ईसीच्या पेनमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतंच. पाण्यात बुडणाऱ्या दोन पिना, इतकंच. १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाणित द्रावणात बुडवा. आकडा पन्नासभर इकडेतिकडे असला तरी फर्टिगेशनला, म्हणजे ठिबकातून खत द्यायला, पुरतो. पिनांवर खताचा पांढरा थर बसला की आकडा कमी दिसायला लागतो, तेव्हा पातळ व्हिनेगरमध्ये दहा मिनिटं ठेवून धुवायच्या. घोळ होतो तो पीपीएमच्या (दहा लाखांत किती भाग) बटणामुळे. १.५ ईसीचं (मिलिसीमेन्समध्ये, म्हणजे १५०० मायक्रोसीमेन्स) तेच पाणी एक पेन ७५० पीपीएम दाखवतो, दुसरा १०५०, कारण एकाच्या आत ५०० चा गुणक बसवलेला, दुसऱ्याच्या आत ७०० चा. शेजारच्या प्लॉटवाल्याने फोनवर सांगितलेला पीपीएम म्हणून तुमच्या उपयोगाचा नाही. पेन कायम ईसीवर ठेवा.

हा पेन सगळ्यात जास्त कामाला येतो तो ड्रेनच्या, म्हणजे कुंडीतून निथळलेल्या पाण्याच्या, बाटलीत. कोकोपीटमधल्या गुलाबाला ड्रिपरमधून १.६ जातंय आणि ड्रेनला २.२ येतंय, तर काळजी नाही. ड्रेन ३ कडे सरकला की समजायचं, दिलेल्या पाण्यातलं २०-३० टक्के बाहेर पडत नाहीये आणि क्षार कुंडीतच साठतायत. याच अवस्थेत पानांच्या कडा जळतात, लोक तो करपा समजतात आणि बुरशीनाशकाच्या दोन फवारण्या फुकट जातात.

आता पीएचचा पेन. याचं सगळं मोल टोकाला असलेल्या काचेच्या बारीक गोळीत आहे, आणि ही गोळी सुकली की संपलं. पेन धुऊन, पुसून, कोरडा करून ड्रॉवरमध्ये ठेवणारा नीटनेटका माणूसच त्याला सगळ्यात लवकर मारतो. दुसरी चूक टोपणात आरओचं किंवा बॅटरीचं पाणी भरण्याची. शुद्ध पाणी गोळीशेजारच्या संदर्भ इलेक्ट्रोडमधला क्षार ओढून घेतं आणि काही आठवड्यांत आकडे भरकटायला लागतात. टोपणातल्या स्पंजवर ३ मोलर केसीएलचे चार थेंब हवेत: २२.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, डिस्टिल्ड पाण्याने एकूण १०० मिली. प्रयोगशाळेच्या प्रतीचंच घ्या. गोदामातल्या लाल पोटॅशने भागणार नाही. काहीच हाताशी नसेल तर पीएच ४ चं बफर (ठरलेला पीएच टिकवून धरणारं) द्रावण टोपणात टाका, रात्र निभावते.

सोबत बफरच्या पावडरीची दोन पाकिटं येतात, ६.८६ आणि ४.००. प्रत्येक पाकीट २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात विरघळवायचं, नळाच्या नाही. आधी ६.८६ वर जुळवायचं, मग डिस्टिल्ड पाण्याने खळबळून ४.०० वर. फक्त ६.८६ वर जुळवून थांबलात तर फसाल, कारण मेलेली किंवा तडकलेली गोळी कशातही बुडवली तरी ७ च्या आसपासच दाखवते. तिची परीक्षा ४ च्या बफरमध्ये होते. तिथे आकडा अर्ध्या मिनिटात स्थिरावला तर गोळी जिवंत. दोन मिनिटं झाली तरी हलतोय तर नवा पेन घ्यायची वेळ आली. एकाच स्क्रूने जुळणारे सगळ्यात स्वस्त पेन इथेच मार खातात. दोन बिंदूंवर जुळणारा आणि गोळी बदलता येणारा पेन महाग पडतो, पण रोज खत सोडणाऱ्याला तोच परवडतो. ट्रेवाल्या छोट्या नर्सरीने स्वस्तातला घ्यावा, आठवड्याला जुळवावा आणि हंगाम संपला की टाकून द्यावा.

दोन्ही पेन एक गोष्ट दाखवत नाहीत, आणि आपल्याकडच्या काळ्या खडकातल्या बोअरला नेमकी तीच लागते: बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल खाऊन टाकणारा, पीएच खाली येऊ न देणारा पाण्यातला घटक. पीएच ७.८ चं बोअरचं पाणी आणि पीएच ७.८ चं शेततळ्यातलं पावसाचं पाणी पेनला सारखंच. आम्ल टाकलं की फरक कळतो. समजा बोअरच्या रिपोर्टमध्ये बायकार्बोनेट ३०० मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे, म्हणजे लिटरला जवळपास ५ मिलिइक्विव्हॅलंट (आम्लाचा हिशेब ज्यात करतात ते एकक). त्यातलं १ ठेवून ४ मारायचं, तर १००० लिटरला ६० टक्के नायट्रिक आम्ल सुमारे ३१० मिली लागतं. त्यातून ५६ पीपीएम नत्रही मिळतं, ते खताच्या हिशेबातून वजा करायला विसरू नका. हेच काम ८५ टक्के फॉस्फरिकने केलं तर २७० मिली लागेल, पण स्फुरद १२० पीपीएमच्या वर जाईल आणि जस्त-लोह अडकेल.

मे महिन्यातलं हे माप जुलैत तसंच चालू राहिलं की घात होतो. टाकीत आता शेततळ्याचं पाणी आहे, बायकार्बोनेट ६० वर आलंय, आणि माणूस सवयीने ३१० मिली ओततोय. पीएच ३ च्याही खाली जातो आणि कोवळ्या पांढऱ्या मुळ्या भाजतात. म्हणून पाण्याचा स्रोत बदलला की आधी बादली. १० लिटर पाणी घ्या, आम्ल दहापट पातळ करून सिरिंजने थोडं थोडं सोडा, ढवळा, पाच मिनिटं थांबा, मग पीएच बघा. थांबायचं कारण असं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो तसा पीएच पुन्हा थोडा वर चढतो. ५.८ ला स्थिर झाला की सिरिंजचे मिली मोजून टाकीचं माप काढा. आम्ल पाण्यात सोडायचं, पाणी आम्लात कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. बायकार्बोनेटचा ढोबळ अंदाज हवा असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं थेंब मोजायचं केएच (कार्बोनेट कठीणपणा) किट भारी पडतं. नेहमीच्या ५ मिलीच्या किटमध्ये एक थेंब म्हणजे साधारण २२ मिलिग्रॅम बायकार्बोनेट. वरच्या बोअरला १४ थेंब लागतील. सोडियम, क्लोराइड आणि बोरॉनसाठी मात्र वर्षातून दोनदा, मे आणि ऑक्टोबरमध्ये, प्रयोगशाळा गाठावीच लागते.

रोगकिडीच्या कामात पीएचचा पेन दोन ठिकाणी पैसे वसूल करून देतो. पहिलं, फवारणीचा ड्रम. कॅप्टानसारखं औषध पीएच ७ च्या पाण्यात साधारण ८ तासांत निम्मं होतं, ८ च्या पाण्यात काही मिनिटांतच. बोअरच्या पाण्यात सकाळी कालवून दुपारी मारलेलं औषध 'डुप्लिकेट' निघालं म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी पेन बुडवून बघावा. मात्र कॉपर मारताना पाणी आम्लधर्मी करू नका. कॉपर जास्त विरघळतं आणि पानं भाजतात. दुसरं, नर्सरीतल्या पाण्याचं क्लोरिनेशन. रोपं बुडाशी कोलमडवणाऱ्या पिथियम या बुरशीसारख्या रोगजंतूसाठी ड्रिपरच्या तोंडाशी २ पीपीएम मोकळा क्लोरीन लागतो, पण पीएच ८ ला त्यातला जेमतेम चौथा हिस्सा जोमाने काम करतो, ६.५ ला नव्वद टक्के. हायपोक्लोराइट आणि आम्ल एकाच भांड्यात कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो. दोन्ही वेगवेगळ्या जागांहून लाईनमध्ये सोडा.

विकत घेताना खोक्यावरचं 'अचूकता ०.०१' वाचून भुलू नका. पडद्यावर दोन दशांश स्थळं दिसणं वेगळं आणि आकडा खरा असणं वेगळं. दुकानातच दोन छोट्या बाटल्यांत ४ आणि ७ चं बफर मागा, पेन आळीपाळीने तीनदा बुडवा. तिसऱ्या वेळी ४ च्या बाटलीत ३.९ ते ४.१ च्या बाहेर गेला तर दुसरं खोकं उघडायला सांगा. टोपण काढल्यावर आतला स्पंज कोरडा खडखडीत निघाला, तर तो पेन हातात धरून बसू नका.