लोकरीची दुलई आणि दोन उशा: घरी निगा राखायची तर कोणती घ्यावी?

लोकरीच्या दुलईला मी पाचपैकी पाच गुण देते, सावरीच्या उशीला चार आणि पिसांच्या उशीला तीन. हे गुण मऊपणाचे नाहीत. मऊ तिन्ही आहेत. बाहेर धुवायला न देता, घरातल्या घरात ही वस्तू किती चांगली राखता येते, एवढंच मी पाहिलं. मुलाला धुळीचा त्रास आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे हौसेचा नाही.

दुलईच्या लेबलावर पाण्याच्या टबाच्या चित्रावर फुली आहे, म्हणजे धुवायची नाही. ते पाहून पुष्कळजण ती परत ठेवतात. मला वाटतं, तिथेच फसगत होते, कारण लोकरीला पाण्यापेक्षा हवा जास्त लागते. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेते, तरी हाताला कोरडी लागते. रात्रभराचा घाम असा आत जातो आणि मोकळी हवा मिळाली की निघूनही जातो. म्हणून सकाळी उठल्या उठल्या घडी घालायची नाही. खिडकी उघडून ती तासभर उलटी पसरून ठेवायची. अधूनमधून कोरड्या दिवशी दांडीवर टाकायची आणि हाताने झटकायची. हवा दमट असेल तर मात्र आतच बरी, नाहीतर बाहेरचा ओलावा ओढून घेते.

मशीनमध्ये का नाही, तेही सांगते. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत अडकतात, लोकर आक्रसते आणि आत नमद्यासारखे घट्ट गोळे होतात. ते पुन्हा सुटत नाहीत. डाग पडलाच तर त्या जागची लोकर बोटांनी मागे सारते, फक्त वरचं कापड चिमटीत धरते, थंड पाणी आणि सौम्य साबणाने टिपून घेते. एन्झाइमवाली पावडर इथे वापरू नये. प्रथिनांचे डाग काढणारं एन्झाइम लोकरीचंही नुकसान करतं, कारण लोकर हेही प्रथिनच. क्लोरीनचं ब्लीच तर लोकर विरघळवून टाकतं.

खरी भीती कसरीची. उडणारा पतंग लोकर खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला अंधारी, कोणी हात न लावलेली, घामट जागा आवडते. त्यामुळे दुलई महिनोन्महिने ठेवायची असेल तर आधी ऊन-वारा द्यायचा, सुती पिशवीत सैल भरायची आणि मध्ये कधीतरी काढून झटकायची. हवा काढून चपट्या करणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या जागा वाचवतात खऱ्या, पण भरणाचा फुगीरपणा मारतात. मी त्या लोकरीला वापरत नाही, पिसांनाही नाही.

धुळीतले सूक्ष्म कीटक मारायला ६० अंशांचं पाणी लागतं आणि ते लोकरीला चालत नाही. म्हणून दुलईला सुती खोळ, उशीला दाट विणीचं आतलं आवरण आणि वर अभ्रा. दर आठवड्याला खोळ आणि अभ्रे ६० अंशांवर धुते. सूत ओलं झालं की कमजोर होत नाही, उलट मजबूत होतं, त्यामुळे ते हे बिनतक्रार सोसतं.

पिसांची उशी धुणं सोपं आहे, वाळवणं कठीण. सौम्य द्रव साबण थोडाच घालायचा, कपडे मऊ करणारं द्रावण अजिबात नाही, आणि पाण्यातून एकदा जास्त काढायची. पुढे ड्रायरमध्ये मंद आचेवर दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू टाकून फिरवायची, मध्येमध्ये थांबवून आतले गोळे हाताने मोकळे करायचे. वरून कोरडी वाटते तेव्हाही मधला भाग ओला असतो, आणि तसाच राहिला तर कुबट वास धरतो. घरी ड्रायर नसेल तर ही उशी घेऊ नका, असंच मी सांगेन. आणखी एक: कापडातून पिसाचं टोक बाहेर आलं तर ओढायचं नाही. आतून पकडून मागे घ्यायचं, नाहीतर तेच भोक मोठं होतं.

सावरीची उशी माझी आवडती. पांढऱ्या सावरीचा तंतू आतून पोकळ आणि वरून मेणचट असतो. पाणी धरत नाही, म्हणून पूर्वी जीवरक्षक जाकिटांत तो भरत. तरीही धुवायला तो चालत नाही. तंतू ठिसूळ असल्याने तुटतात आणि गुठळ्या होतात. ऊन द्यायचं, हाताने कुरवाळून फुगवायची, एवढंच. कालांतराने ती बसते, पण माझ्या उशीला चेन असल्यामुळे आत नवा कापूस भरता येतो. एक गुण कापला तो याच कामासाठी: चेन उघडली की बारीक तंतू खोलीभर उडतात. मी मास्क लावते, मुलाला तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत पाठवते आणि नंतर फरशी ओल्या फडक्याने पुसते. पण सावरीची उशी घेताना चेन आहे ना, हे जरूर पाहून घ्या. शिवून बंद केलेली घेतली तर बसल्यावर तिचं काही करता येत नाही.